पडद्याची उजवी कड

थिएटरच्या दारातच सासू-जावयाची जुंपली. पासवर जागा ठरलेली नव्हती. जो आधी बसेल त्याची खुर्ची. जावयाला मधली रांग हवी होती आणि टेलरबाई सरळ उजवीकडच्या टोकाला निघाल्या होत्या.

"आई, हाणामारीचा सिनेमा मधूनच बघायचा असतो. आवाज चारी बाजूंनी सारखा येतो."

"मला आवाजाशी काय करायचंय?"

"मग?"

"मला पडद्याची उजवी कड बघायची आहे. तुम्ही बसा मधे. माझ्या वाटणीचा आवाजही तुम्हीच घ्या."

जावई हसला आणि निमूटपणे मागोमाग आला. आज त्याला कुणाशी भांडायचंच नव्हतं. ज्या सिनेमाची कॅसेट लहानपणी बघून बघून त्याने घासून टाकली होती, शेवटी त्याच्या आईला ती पिठाच्या डब्यात लपवावी लागली होती, त्या सिनेमाचा आज नवा भाग लागला होता. म्हणून हा विमा कचेरीतला हेडक्लार्क रजा टाकून, लाल शर्ट घालून आला होता. हिरोचा शर्ट लाल होता ना! फरक इतकाच, की हिरोच्या अंगावर तो सपाट बसायचा आणि जावयाच्या पोटावर गुंड्या श्वास रोखून उभ्या होत्या. टेलरबाईंची नजर त्या तिसऱ्या गुंडीवर दोनदा गेली; पण जावयाच्या कपड्याबद्दल बोलू नये एवढं व्यवहारज्ञान त्यांना होतं.

खरा लाल शर्ट त्यांनीच शिवला होता. एक नव्हे, दोन. कापड एकच, कॉलर एकच, खिसा त्याच जागी. पहिला हिरोचा. दुसरा त्याच्या डुप्लिकेटचा, जरासा ढगळ, कारण आत पाठीला आणि कोपरांना गादी बांधायची असे. आणि तो डुप्लिकेट म्हणजे टेलरबाईंचा नवरा.

त्या धंद्याचा कायदा सरळ होता. पाठ आपली, तोंड हिरोचं. काचेतून जा, जिन्यावरून गडगडत या, पेटत्या गाडीतून उडी टाका, पण तोंड कॅमेऱ्याला दिसता कामा नये. पडलं की 'कट' ऐकू येईपर्यंत मेल्यासारखं पडून राहायचं. मग मान वळवून फाइट मास्तरांकडे बघायचं आणि दात दाखवायचे. दात दिसले म्हणजे हाडं शाबूत. इतर नोकऱ्यांत लोक संध्याकाळी हजेरीपटावर सही करतात, तशी यांची ही सही.

त्या सिनेमात गोदामाचा सीन होता. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उडी, खाली शेडचा पत्रा फोडून पोत्यांच्या ढिगात, तिथून उठून पाठमोरं पळत सुटायचं. कपडेपटाचा माणूस त्या दिवशी आलाच नाही, म्हणून जादा शर्ट घेऊन टेलरबाई स्वतः गेल्या होत्या. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. नवरा त्यांना कधी उडी बघायला येऊ देत नसे. "घरी आलो की बघ, पूर्ण असतो," म्हणायचा. त्या कॅमेऱ्याच्या उजव्या हाताला, मास्तरांच्या मागे, हातावर शर्ट टाकून उभ्या राहिल्या. खिडकी फुटली, पत्रा फाटला, धूळ उठली. धुळीतून लाल पाठ वर आली. आणि पळायच्या आधी, 'कट' व्हायच्या आधी, नवऱ्याने गर्रकन मान उजवीकडे वळवली आणि तो हसला. पापणी लवते तेवढाच वेळ. पुढचा एक दात अर्धा तुटलेला, केसांत पोत्याचा भुसा, आणि सगळं तोंड 'बघ, पूर्ण आहे' म्हणणारं.

पत्रा फाटलेला, पुन्हा शॉट घ्यायची सोय नाही. डायरेक्टर म्हणाला, पडद्याच्या अगदी कडेला आहे, कुणाचं लक्ष जातंय! प्रेक्षकांचं गेलंही नाही. हिरोचं गेलं. तो जे बोलायचं ते बोलला, आणि त्या दिवसापासून धंद्यात टेलरबाईंच्या नवऱ्याचं नाव पडलं 'चेहरा'. "काय चेहरा, आज तरी पाठ दाखवणार ना?" नवखी पोरंसुद्धा म्हणायची. कामं मिळत राहिली, पण मोठ्या हिरोंची नाही. तो हसून घ्यायचा, आणि टीव्हीवर तो सिनेमा लागला की गोदाम यायच्या आत मोरीत जाऊन बसायचा. एरवी आंघोळ दोन तांब्यांत उरकणारा माणूस, पण त्या दिवशी नळ बराच वेळ चालू असायचा.

बायकोचं उलटंच. सिनेमा थिएटरात होता तेवढे दिवस टेलरबाई 'बटणं आणायला जाते' म्हणून मॅटिनीला जात. घरात बटणं इतकी साठली, की पुढे मुलीच्या बाळंतविड्याच्या झबल्यांनाही तीच लागली. त्यांनी सगळा सिनेमा असा कधी पाहिलाच नाही. गोदाम येईपर्यंत बसायचं, उजव्या कडेला नजर लावायची, हसू पदरात पडलं की उठायचं.

मग सिनेमा उतरला आणि ते हसूही गेलं. कॅसेट आली, टीव्ही आला, पुढे फोनवरही सिनेमा आला. पण थिएटरचा रुंद पडदा घरच्या चौकोनात बसवायला कुणीतरी एकदा दोन्ही कडा कापल्या होत्या, आणि तीच कापलेली कॉपी जगभर फिरत राहिली. तिच्यात लाल पाठ उठते, खांदा वळायला लागतो आणि टीव्हीची काच संपते. नवऱ्याचे फोटो होते, नाहीत असं नाही. एक लग्नातला, एक ओळखपत्रावरचा. दोन्हींत तो कुणीतरी दरडावल्यासारखा ताठ. तिसऱ्या मजल्यावरून पडून उठणारा माणूस, गेला साध्या काविळीने, अंथरुणात, आणि शेवटच्या दिवसांत तोंड इतकं पिवळं आणि ओढलेलं होतं की आता आठवू जावं तर तेच आधी पुढे यायचं. चांगलं तोंड त्याच्या मागे कुठेतरी उभं असायचं, रांगेत मागे राहिलेल्या भिडस्त माणसासारखं.

म्हणून टेलरबाईंना उजवी कड हवी होती.

पास धाडले होते मास्तरांनीच. नव्या भागाच्या कंपनीने म्हाताऱ्याला सल्लागार म्हणून बोलावलं होतं. म्हणजे एक खुर्ची, तासातासाला चहा, आणि काहीही विचारायचं नाही. तरी तो खुशीत होता. फोनवर म्हणाला होता, "वहिनी, गोदामाचा जुना सीन घेतलाय बरं का! हिरोला जुनं आठवतं तेव्हा. पूर्ण रुंद, कडा न कापता. आणि त्यात तुमच्यासाठी एक गंमत आहे. ती आत्ता नाही सांगणार."

सिनेमा सुरू झाला.

नव्या भागात कशाची कमतरता होती म्हणावं, तर कशाचीच नाही. पैसा पाण्यासारखा ओतला होता आणि तो पडद्यावरून वाहत होता. जुना हिरोच परत आला होता, सत्तरीचा; पण कॉम्प्युटरने त्याच्या तोंडावर अशी इस्त्री फिरवली होती की राग आला तरी कपाळ हलत नव्हतं. तो पुलावरून पडला, बोटीवर आपटला, बोटीवरून विमानाला लटकला आणि उतरून कॉलर नीट केली. पूर्वी पडद्यावर माणूस पडला की अंधारातून 'आई गं' यायचं. आता हिरो विमानाला लटकला होता आणि पुढच्या रांगेतली बाई मोबाइलवर उद्याचं हवामान बघत होती.

जावई सुरुवातीला पुढे सरकून बसला होता. हिरोच्या पहिल्या एंट्रीला त्याने दोन बोटं तोंडात घातली, फुस्स झालं. दुसऱ्या मारामारीला नुसतीच बोटं वर आली. तिसऱ्या वेळी त्याने पॉपकॉर्न उचललं.

"काय हो, शिट्टी विसरलात?" टेलरबाई कुजबुजल्या.

"विसरलो नाही. वाजवावीशी वाटेना." जरा वेळाने तो पुन्हा म्हणाला, "सगळं आहे हो आई. पण कुणाला लागतच नाहीये."

"लागायला माणूस लागतो," त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून पदराला पुसला. कारण पडद्यावर हिरोने एका जुन्या लाल शर्टावरून हात फिरवला होता.

रंग बदलले. गोदाम आलं. इतक्या वर्षांनी, एवढं मोठं, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. टेलरबाईंनी खुर्चीचा हात धरला. खिडकी फुटली. लाल शर्ट हवेत आला आणि त्यांना आधी आपली शिलाईच दिसली, डाव्या खांद्यावरची दुहेरी टीप. पत्रा फाटला. धूळ. धुळीतून पाठ उठली, ती रुंद, गादी बांधलेली पाठ, जी त्यांनी रात्री तेल लावून चोळली होती. पाठ सरळ झाली. खांदा वळला. इथे घरची काच संपायची. आता संपली नाही. मान वळली, उजव्या कडेला तोंड आलं.

हिरोचं. तरणाताठा हिरो, दाट केसांचा, सगळे दात जागच्या जागी. हसला आणि पळत सुटला.

थिएटरात शिट्ट्या उठल्या. सगळ्यांत मोठी शिट्टी त्यांच्या शेजारून आली. "याला म्हणतात सीन!" जावई उभाच राहिला होता. "आई, बघितलंत? बाबांची उडी!"

टेलरबाईंनी चष्मा पुन्हा पुसला. आपलीच पापणी लवली असेल, आपण भलत्याच जागी बघितलं असेल. पण पडद्यावर आता पुन्हा विमान होतं. राहिलेला सिनेमा त्यांच्या डोळ्यांसमोरून रस्त्यावरची रहदारी जावी तसा गेला.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात मास्तर उभे होते. इस्त्रीचा सदरा, पांढऱ्या मिशांना तेल, गुडघ्यांमुळे पाय थोडे फाकलेले. लोक बाहेर पडत होते आणि ते प्रत्येकाकडे अपेक्षेने बघत होते; लोक त्यांना स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारत होते. टेलरबाई दिसताच ते लगबगीने पुढे आले.

"वहिनी! बघितलंत?"

"बघितलं." त्या भिंतीलगतच्या बाकावर टेकल्या. "अहो, जरा चहा मिळतो का बघता?" त्यांनी जावयाला म्हटलं. जावई 'मास्तर, त्या उडीला तोड नाही!' असं ओरडत चहाच्या रांगेकडे गेला.

मास्तर शेजारी बसले. त्यांचे डोळे ओलसर होते. "मग? काय म्हणता? गंमत कळली की नाही?"

"भाऊजी, ते तोंड..."

"गेलं!" मास्तरांनी हवेत टिचकी वाजवली. "साफ गेलं. कॉम्प्युटरवाल्या पोरांना तर दिसलंच नव्हतं हो! ती हिरोला लटकवायच्या वायरी पुसत बसलेली. मीच बोट ठेवलं. म्हटलं, थांबा, मागे न्या. हा तुमचा हिरो नाही, हा माझा माणूस आहे. याच्या हातून एकच चूक झाली सगळ्या जन्मात, तेवढी दुरुस्त करा. पोरं म्हणाली, मास्तर, कुणाला कळणार आहे? म्हटलं, मला कळतंय. तो वर बसलाय, त्याला कळतंय."

टेलरबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तुम्हाला नसेल बोलला कधी. पण दवाखान्यात माझा हात धरून म्हणाला होता, मास्तर, तेवढं एक तोंड पडद्यावर राहून गेलं बघा. लोक चेहरा चेहरा म्हणायचे, हसायचा, पण आत किती लागलं होतं ते मला ठाऊक. आता म्हणू दे कुणाला चेहरा! आहे कुठे चेहरा? दाखव म्हणावं!"

म्हातारा लहान मुलासारखा त्यांच्याकडे बघत राहिला. शाबासकी मिळेपर्यंत हलणार नाही असं बघणं. टेलरबाईंना ओरडावंसं वाटलं, आणि कुणावर ओरडायचं ते कळेना. यांच्यावर? यांनी मित्राची शेवटची इच्छा पुरी केली होती. नवऱ्यावर? त्याने आयुष्यात एवढं एकच मागितलं होतं, आणि तेही बायकोला सोडून मास्तरांकडे.

"चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या मनासारखं झालं."

"तुमच्या नाही?"

त्यांनी पदर उगाच सारखा केला. "पुसायच्या आधी तुम्ही बघितलंत ना, भाऊजी? कसे दिसत होते?"

"कसा म्हणजे? मोठ्या पडद्यावर, एकेक चित्र थांबवून बघितलं की! केसांत भुसा. इथे, भुवईवर, ओरखडा. आणि तो तुटका दात. मेल्याने असे दात काढले होते..." मास्तर हसले, आणि हसता हसता थबकले. "सवयीने माझ्याकडे बघितलं त्याने. 'कट'च्या आधी. माझ्याचकडे."

"तुमच्या मागे मी होते," टेलरबाई म्हणाल्या. "जादा शर्ट घेऊन. ते माझ्याकडे बघत होते."

व्हरांड्यातून माणसं जात राहिली. मास्तरांनी मान खाली घातली, वर केली, पुन्हा खाली घातली.

"तुम्हाला हवं होतं ते," ते म्हणाले.

"दुसरं कुठे नाही ना आता. घरी दिसतं त्यात कड कापलेली आहे."

"असेल! असं कसं नसेल? आधीचं कुठेतरी ठेवलं असेलच की." मास्तरांनी फोन काढला. कानाने कमी ऐकू यायचं म्हणून तो मोठ्या आवाजावर लावला. "अरे बाळा, मी मास्तर. ते गोदामातलं तोंड, आधीचं, मूळचं, ते कुठे ठेवलंय?"

पलीकडचा पोरगा उत्साहात होता. "ते काढलं ना सर, तुम्हीच सांगितलं! जुन्या रिळाचे तर यंत्रावर चढवतानाच तुकडे होत होते, ते टाकून दिलं. आता सगळीकडे हीच कॉपी. तुम्ही निर्धास्त राहा सर, काही म्हणजे काही शिल्लक नाही."

मास्तरांनी फोन बंद केला. बराच वेळ तो हातात उलटासुलटा करत बसले. मग एकाएकी उठले.

"मी दाखवतो."

"काय?"

"तो कसा वळला ते. जन्मभर दुसऱ्यांना करूनच दाखवलंय की मी." त्यांनी पिशवी बाकावर ठेवली, सदऱ्याच्या बाह्या सारल्या, टेलरबाईंकडे पाठ केली. वाकले, गुडघा कटकन वाजला, तसेच उठले आणि मान वळवून हसले. मिशा थरथरत होत्या. जाणारी दोन-चार माणसं थांबली. सिनेमाची जाहिरात असावी असं त्यांना वाटलं.

टेलरबाईंनी नको म्हणायला हात वर केला होता. पण तोंडातून निघालं, "मान इतकी नाही. जरा कमी."

मास्तर पुन्हा पाठमोरे झाले. पुन्हा वळले.

"पटकन. ते पटकन वळले होते."

पुन्हा. म्हातारा घामाघूम झाला होता. "असं? खांदा आधी की मान आधी?"

"मान. आणि डावा हात असा... अंगाशी."

"आणि हसू? वळून हसला, की हसतच वळला?"

टेलरबाई सांगायला गेल्या. त्यांनी डोळे मिटले. गोदाम आलं, पत्रा फाटला, धुळीतून लाल पाठ उठली. पाठ वळली. तोंड मास्तरांचं होतं, घामेजलेलं, पांढऱ्या मिशांचं. त्यांनी डोळे घट्ट दाबले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी हिरो हसला.

"वहिनी? सांगा ना, पुन्हा करतो."

"नको, भाऊजी." त्यांनी हात धरून त्यांना खाली बसवलं. "आता काही करू नका. आहे तेवढंही जाईल."

मास्तर बसले आणि ओंजळीत तोंड धरून रडू लागले. टेलरबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या, आणि जावई चहा घेऊन येईपर्यंत त्यांनी डोळे मिटू दिले नाहीत.